बेल्ट स्क्रॅपर लावताय? या चुका टाळा

जून लागला की चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कुठल्याही कोल हँडलिंग प्लांटमध्ये जा, एकच वाक्य ऐकू येतं: "साहेब, स्क्रॅपर बेकार आहे, बदलून द्या." स्क्रॅपर म्हणजे कन्व्हेयरच्या बेल्टला चिकटलेला माल खरवडून काढणारा ब्लेड. ओला कोळसा, त्यात खाणीतून आलेली चिकण माती आणि रिटर्न बेल्टखाली, म्हणजे माल टाकून परतणाऱ्या बेल्टखाली, गुडघाभर चिखल. मी लगेच बदलून देत नाही, आधी जाऊन बघतो. बहुतेक वेळा स्क्रॅपर चांगलाच असतो, लावणाऱ्याने त्याची वाट लावलेली असते.

बेल्टला चिकटून किती माल परत जातो याचा अंदाज नसतो, म्हणून हे काम हेल्परवर ढकललं जातं. जरा हिशोब करा. बेल्टचा मळलेला पट्टा 80 सेंटिमीटर, वेग सेकंदाला अडीच मीटर आणि चौरस मीटरला फक्त 100 ग्रॅम माल चिकटलेला. सेकंदाला 200 ग्रॅम झाले, तासाला 720 किलो. सगळा खाली पडत नाही हे खरं. पण जो पडतो तो उचलायला घमेली घेऊन माणसं लागतात आणि जो पडत नाही तो रिटर्न रोलरवर थर धरतो. रोलर गोल राहिला नाही की बेल्ट एका बाजूला सरकतो आणि स्ट्रक्चरला घासून स्वतःची कड कापून घेतो. मग बेल्ट सरळ चालवणाऱ्या ट्रॅकिंगवाल्याला बोलावतात. तो बिचारा रोलर ठोकत बसतो आणि मूळ दुखणं हेड पुलीपाशी, जिथे माल बेल्टवरून खाली पडतो, तिथे तसंच राहतं.

"भाऊ, अजून कसू का?"

सगळ्यात जास्त चीड मला या चुकीची येते. माल सुटत नाही म्हणून नट कसायचा, तरी सुटला नाही की अजून कसायचा. हेड पुलीवरचा पॉलियुरेथेनचा प्रायमरी ब्लेड बेल्टला चौरस इंचाला साधारण 2 पाउंड एवढ्याच दाबाने टेकायला हवा. मागचा, धातूच्या टोकाचा सेकंडरी ब्लेड साधारण 11 ते 14 पाउंड. यापेक्षा जास्त दाबलात तर युरेथेन तापून गुळगुळीत होतो, ब्लेड वाकतो, त्याचा अँगल बदलतो. मग तो टोकावर न राहता पोटावर टेकतो आणि पोळीवर तूप फासावं तसा चिखल बेल्टवर पसरवतो. कसणाऱ्याला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो आणखी एक आटा देतो.

एका प्लांटमध्ये पावसाळ्यातल्या रात्रपाळीला हेच झालं. नवा इंजिनिअर, डोक्यावर बंकर (कोळसा साठवायची टाकी) रिकामा होण्याची टांगती तलवार. त्याने सेकंडरी स्क्रॅपरच्या टेन्शनरला (ब्लेड बेल्टवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या जोडणीला) पान्यावर पाइप चढवून कसायला लावलं. सकाळी मी पोहोचलो तेव्हा टेन्शनरच्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना पक्के टेकलेले होते. त्यांच्यात कागदसुद्धा गेला नसता. स्प्रिंग तिथे कशासाठी असते? बेल्टचा जॉइंट आला की ब्लेडने क्षणभर मागे सरावं म्हणून. इथे मागे सरायला जागाच उरली नव्हती. त्यात बेल्टला क्लिपचा जॉइंट, आणि एका कडेच्या क्लिपा किंचित वर आलेल्या. ब्लेडच्या कार्बाइडच्या टोकाने पहिली क्लिप पकडली, जॉइंट कडेने उघडला, लोंबलेला तुकडा रिटर्न रोलरच्या ब्रॅकेटमध्ये अडकला आणि बेल्ट लांबीत फाटत गेला. कुणाला लागलं नाही हे नशीब. पुढचा अख्खा दिवस व्हल्कनायझिंगमध्ये, म्हणजे रबर तापवून बेल्ट जोडण्यात, गेला आणि जो बंकर भरण्यासाठी हा आटापिटा चालला होता तो रिकामाच राहिला.

माझी पद्धत साधी आहे. ब्लेड हाताने बेल्टला टेकवायचा, तक्त्याप्रमाणे टेन्शन द्यायचं आणि स्प्रिंगच्या लांबीवर पिवळ्या पेंटची खूण करायची. खुणेपुढे कुणीही कसायचं नाही. माल राहतोय असं वाटलं तर परमिट घेऊन बेल्ट थांबवायचा आणि ओला पट्टा कुठे उरलाय ते बघायचं. मधोमध रुंद पट्टा असेल तर ब्लेड मध्ये झिजलाय. बारीक रेघा असतील तर टोक उडालंय किंवा बेल्टलाच चर पडलीय. संपूर्ण रुंदीभर सारखा थर असेल तर अँगल चुकलाय. यातल्या एकाही दुखण्यावर पाना हे औषध नाही.

वेल्डरच्या नजरेवर सोडू नका

स्क्रॅपरचा पाइप बेल्टपासून किती अंतरावर हवा हे कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं, पुलीच्या व्यासाप्रमाणे. पाइप जवळ आला की अँगल बदलतो, लांब गेला तरी बदलतो. वेल्डर मात्र मोकळी जागा बघतो आणि जिथे हात पोहोचतो तिथे ब्रॅकेट चिकटवतो. मी पत्र्याचं टेम्प्लेट कापून देतो, पाइप पुलीच्या शाफ्टला समांतर आहे का ते दोन्ही टोकांना मोजतो, मगच टॅक मारू देतो. प्रायमरीचा ब्लेड पडणाऱ्या मालाच्या धारेखाली हवा. धार ब्लेडच्या पाठीवर आपटत असेल तर तो स्क्रॅपर न राहता शूटचा (माल खाली नेणाऱ्या घसरगुंडीचा) लायनर, म्हणजे झीज सोसणारा पत्रा, होतो.

वेल्डिंगची अर्थिंगची वायर कुठल्याही पत्र्याला लावू नका. करंट पुलीच्या बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं आणि काही आठवड्यांनी तुम्ही ग्रीसला शिव्या देत बसता. आणि खाली बेल्ट असताना ठिणग्या उडू देणाऱ्याला मी दुसऱ्यांदा टॉवरवर चढू देत नाही.

जुन्या बेल्टची पट्टी

हा जुगाड महाराष्ट्रभर लोकप्रिय आहे. भंगारातला बेल्ट कापायचा, दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये आवळायचा, झाला फुकटात स्क्रॅपर. वापरलेल्या बेल्टच्या रबरात वर्षानुवर्षांची कच रुतलेली असते आणि कापलेल्या कडेला आतले कापडाचे थर उघडे पडतात. ही पट्टी चालू बेल्टवर पॉलिश पेपरचं काम करते. कन्व्हेयरवर सगळ्यात महाग वस्तू कोणती? बेल्ट. ती घासून संपवायची आणि ब्लेडचे पैसे वाचवल्याचं मॅनेजरला सांगायचं, असा हा व्यवहार आहे.

थोडक्यात

टेल पुलीच्या (मागच्या टोकाच्या पुलीच्या) आधीचा व्ही-प्लाऊ, म्हणजे पडलेला माल बाजूला सारणारी V आकाराची पट्टी, विसरू नका. बेल्टच्या आतल्या बाजूला पडलेला दगड पुली आणि बेल्टच्या मध्ये गेला की बेल्ट आतून फुटतो.

दोन्ही दिशांना चालणाऱ्या बेल्टला एकदिशा स्क्रॅपर लावू नका.

सेकंडरी ब्लेड जिथे बेल्ट फडफडतो तिथे लावला तर तो निम्मा वेळ हवेतच असतो. वर दाबणारा रोलर द्या.

शूटला इन्स्पेक्शनचं दार नसेल तर स्क्रॅपर कुणीही बघणार नाही, चेकलिस्टवर टिक मात्र रोज पडेल.

रिकामा, कोरडा बेल्ट तासन् तास फिरवत ठेवू नका. ब्लेड तापतो आणि माल असतानापेक्षा लवकर झिजतो.

सूत ओढलं म्हणजे बेल्ट बंद झाला असं नाही

याबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही. स्क्रॅपरमध्ये गोणपाट अडकलंय, हेल्पर पुल कॉर्डचं सूत (बेल्टच्या कडेने लावलेली, ओढून बेल्ट थांबवायची दोरी) ओढतो आणि सरळ शूटमध्ये हात घालतो. दुसऱ्या टोकाचा माणूस "कुणी ओढलं रे?" म्हणत स्विच रीसेट करतो. पुल कॉर्ड फक्त मोटर थांबवतो, सप्लाय तोडत नाही. एलसी (लाइन क्लिअर, वीज तोडून काम करायची परवानगी) घ्या, ब्रेकर बाहेर काढा, स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. त्यानंतरही टेक-अपचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या जोडणीचं) वजन बेल्टला ओढतच असतं आणि चढावरचा भरलेला बेल्ट होल्डबॅक (उलटं फिरणं अडवणारा भाग) नसेल तर मागे फिरू शकतो, तेही बघा.

चालू बेल्टवर सब्बल लावून पुलीवरचा थर सोलणारे बहाद्दरही आहेत. अडीच मीटरच्या वेगाने पाव सेकंदात बेल्ट दोन फूट पुढे जातो. सब्बल सोडायचा विचार मनात येईपर्यंत हात पुलीखाली गेलेला असतो. "पाच मिनिटांचं काम आहे, एलसीला अर्धा तास जातो" हे वाक्य ज्याने म्हटलं त्याला मी त्या शिफ्टला खाली बसवतो. टेल पुलीचं गार्ड काढून भिंतीला टेकवलेलं दिसलं की ते परत बसेपर्यंत बेल्ट सुरू करू देत नाही. ओरडणारे ओरडतात.

ब्लेड मागवताना

1200 मिलिमीटर रुंद बेल्टला 1200चाच ब्लेड, असं इंडेंट (मागणीपत्र) आंधळेपणाने टाकू नका. माल बेल्टच्या मधल्या पट्ट्यात चालतो, कडा जवळजवळ कोऱ्या असतात. ब्लेड त्या कडांपर्यंत गेला की टोकं झिजत नाहीत, मधला भाग झिजतो आणि टोकांनी उचलून धरल्यामुळे मध्ये फट पडते. मालाचा पट्टा टेपने मोजा, तेवढंच झाकणारा ब्लेड घ्या. जॉइंट क्लिपचा असेल तर ते इंडेंटवर ठळक लिहा, नाहीतर स्टोअरवाला स्वस्त पडलं म्हणून ठिसूळ टोकाचा कार्बाइड ब्लेड पाठवतो. आणि पावसाळ्यासाठीचं इंडेंट मार्चमध्येच टाका. मे महिन्यात टाकलेल्याचा ब्लेड दिवाळीला येतो.