साखरपुड्याच्या अंगठीचा विमा: आधी ती जाईल कशी ते बघा, मग पॉलिसी निवडा

साखरपुडा ठरला की हॉल, केटरर, मेहंदी, फोटोग्राफर सगळ्यांची यादी होते, पण दीड-दोन लाखांची हिऱ्याची अंगठी घेतली तिचा विमा काढायचाय हे त्या यादीत नसतंच, आणि ज्यांच्या डोक्यात येतं तेही सराफाकडे बिल करताना "विमा फ्री आहे ना?" एवढं विचारून मोकळे होतात. कोणतं कव्हर घ्यायचं हे एकदा नीट बसून ठरवलं तर एका संध्याकाळचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे ही अंगठी बाकीच्या दागिन्यांसारखी नाही. पाटल्या, तोडे, हार लॉकरमध्ये जातात आणि लग्नकार्याला बाहेर निघतात, अंगठी मात्र रोज बोटात असते. कणीक मळायला घेतली की काढून ओट्यावर ठेवली जाते, ऑफिसच्या वॉशरूममध्ये बेसिनच्या कडेला राहते, अलिबागला समुद्रात उतरलं आणि गार पाण्याने बोटं आक्रसली की कधी घसरली कळतही नाही. म्हणजे कपाट फोडून कोणी नेण्यापेक्षा ती हातातूनच जाण्याची भीती जास्त, आणि आपल्याकडची बरीचशी कव्हरं नेमकी कपाट फोडून नेणाऱ्यासाठी केलेली आहेत. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो.

पॉलिसीच्या भाषेत घरफोडी वेगळी, चोरी वेगळी आणि हरवणं वेगळं. घरफोडी म्हणजे कडी-कोयंडा तोडून, ग्रिल वाकवून, जबरदस्तीने घरात शिरल्याच्या खुणा पाहिजेत. घरात पाहुणे होते, कामाला माणसं येत-जात होती आणि ओट्यावरची अंगठी गेली, तर ती चोरी, आणि फक्त घरफोडीचं कव्हर असेल तर त्यात पैसे मिळत नाहीत. आणि बोटातून पडली तर ती दोन्हीत बसत नाही. हे तिसरं ज्यात बसतं त्या भागाला 'ऑल रिस्क' म्हणतात, घरात आणि घराबाहेर अपघाताने झालेलं नुकसान किंवा हरवणं त्यात येतं. रोज घालायच्या अंगठीला हेच कव्हर हवं, एजंटला फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की दागिन्यांसाठी ऑल रिस्क सेक्शन आहे का आणि घराबाहेर लागू आहे का. फक्त नावावर जाऊ नका, ऑल रिस्क म्हटलं तरी त्यात न बसणाऱ्या गोष्टींची यादी असतेच, ती खाली सांगते.

आता मिळतं काय काय ते बघू. नुसत्या एका अंगठीची वेगळी पॉलिसी आपल्याकडे सहसा मिळत नाही, घराच्या पॉलिसीचा भाग म्हणूनच घ्यावी लागते, आणि भाड्याच्या घरात राहत असाल तरी फक्त सामानाची पॉलिसी घेता येते, त्यामुळे "आमचं स्वतःचं घर नाही" हे कारण नाही. सध्या कंपन्या आधी 'भारत गृह रक्षा' दाखवतात, ती १ एप्रिल २०२१ पासून सगळ्यांकडे सारख्या शब्दांत मिळते. चांगली पॉलिसी आहे, आग, पूर, भूकंप वगैरेसाठी घराला नक्की घ्या, दागिन्यांचं कव्हरही त्यात जास्तीचे पैसे भरून जोडता येतं आणि त्याची किंमत आधीच ठरवून लिहिली जाते. पण मूळ पॉलिसीत चोरी फक्त तेव्हाच धरतात जेव्हा ती अशा एखाद्या आपत्तीमुळे आणि ७ दिवसांच्या आत झालेली असते. म्हणजे पुरात घर सोडावं लागलं आणि मागे चोरी झाली तर ठीक, एरवीच्या चोरीला वेगळं ॲड-ऑन, म्हणजे पैसे भरून जोडलेलं जास्तीचं कव्हर, लागतं आणि हरवण्याला तेही पुरत नाही. दुसरा प्रकार म्हणजे हाऊसहोल्डर्स पॅकेज, सरकारी आणि खासगी दोन्ही कंपन्यांकडे असतं, त्यात आग, घरफोडी, दागिने, उपकरणं असे वेगवेगळे सेक्शन निवडायचे असतात. अंगठीसाठी मी यातलं दागिन्यांचं ऑल रिस्क घ्या असंच सांगेन, जरी त्यासोबत सामानाचा आगीचा सेक्शन घ्यायला लागला तरी.

सराफाचा फ्री विमा वाईट नाही, पण तो साधारण वर्षभराचा असतो, ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकत्र घेतलेली, असते आणि नुसतं हरवणं त्यात बऱ्याचदा नसतं. सर्टिफिकेट मागून घ्या, त्यावर तुमचं नाव, दागिन्याचं वर्णन आणि शेवटची तारीख आहे का बघा, आणि ती तारीख संपायच्या आधी स्वतःचं कव्हर चालू झालेलं असू दे.

आणि लॉकर. "आमचं सगळं बँकेत आहे, विमा कशाला" असं घरातली मोठी माणसं म्हणतातच. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत पडणं किंवा बँकेच्याच माणसाने केलेली फसवणूक यात बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच आहे. भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३ लाख, आत काहीही असो, आणि पूर-भूकंपात तेवढीही नाही. तसंही बोटातल्या अंगठीला लॉकरचा काय उपयोग.

विमा कोणाच्या नावावर, हा प्रश्न तर कोणीच विचारत नाही. आपल्याकडे मुलीची अंगठी मुलाकडचे घेतात, बिल सासऱ्यांच्या किंवा मुलाच्या नावावर, आणि साखरपुड्यापासून लग्नापर्यंत चार-सहा महिने अंगठी राहते मुलीच्या माहेरी. घराची पॉलिसी सहसा पॉलिसीधारक आणि त्याच्यासोबत त्या पत्त्यावर राहणारं कुटुंब एवढ्यांनाच धरते, मग मुलाच्या बाबांच्या पुण्याच्या पॉलिसीत नाशिकला माहेरी असलेली अंगठी बसणार कशी? लग्नाआधी किंवा लग्नात मुलीला दिलेली भेट हे तिचं स्त्रीधन, वस्तू तिची, म्हणून या काळात तिच्या किंवा तिच्या आईवडिलांच्या घराच्या पॉलिसीत तिचं नाव घालून अंगठी चढवणं सगळ्यात सरळ. बिल शक्य असेल तर तिच्याच नावाने करा, नाहीतर बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडून अंगठी भेट दिल्याचं चार ओळींचं पत्र सही करून घ्या. लग्नानंतर पत्ता बदलला की कंपनीला कळवून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद, करून घ्यायचं, ते राहिलं तर क्लेमच्या वेळी पत्त्यावरूनच वाद सुरू होतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर बिलात मला पुढचं सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं: सोन्याचं निव्वळ वजन आणि कॅरेट, हिऱ्याचं वजन, रंग, क्लॅरिटी, घडणावळ, जीएसटी. "डायमंड रिंग १ नग" एवढंच लिहिलेलं बिल घेऊन घरी येऊ नका, माझ्या मावसबहिणीच्या क्लेममध्ये अशाच बिलामुळे नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेयरने हिऱ्याची किंमत धरायलाच नकार दिला होता आणि सराफाकडून जुन्या नोंदी काढून आणेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून बघा, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह, शुद्धता (१८ कॅरेटला ७५०) आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरी-आकडी ओळख क्रमांक, असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून स्क्रीनशॉट ठेवा. हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल सांगतो, हिऱ्याबद्दल नाही, त्यासाठी आयजीआय किंवा जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा रिपोर्ट लागतो आणि बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर त्या रिपोर्टचा नंबर लेझरने कोरलेला असतो, दुकानातच भिंगाखाली जुळवून बघा. मग घरी पांढऱ्या कागदावर अंगठी ठेवून वरून, बाजूने, आतून फोटो, एक फोटो हातात घातलेला, आणि हे सगळं स्वतःलाच ईमेल करून ठेवा, कारण फोन आणि अंगठी एकाच पर्समधून जाऊ शकतात.

किती रकमेचा विमा? इथे घाई करू नका. काही पॉलिसी फक्त सोनं आणि खड्यांची किंमत देतात, घडणावळ देत नाहीत, आणि हिऱ्याच्या अंगठीत घडणावळ काही थोडीथोडकी नसते, तेव्हा विचारून लेखी घ्या. दुसरं, रक्कम कमी दाखवून प्रीमियम वाचवायचा मोह टाळा. समजा घरातले सगळे दागिने १० लाखांचे, विमा मोघम ५ लाखांचा काढला आणि गेली फक्त २ लाखांची अंगठी. तुम्हाला वाटतं ५ लाखांचं कव्हर आहे म्हणजे २ मिळतील, पण कंपनी म्हणते निम्म्याचाच विमा होता म्हणून निम्मे घ्या, १ लाख. याला ॲव्हरेज क्लॉज म्हणतात. म्हणून अंगठी यादीत वेगळ्या ओळीवर, स्वतःच्या किमतीसकट लिहून घ्या, एका वस्तूला कमाल मर्यादा आहे का तेही बघा. आणि दरवर्षी रिन्यू करताना रक्कम बदला. १० ग्रॅमला २०२४ च्या सुरुवातीला ६३ हजारांच्या आसपास असलेलं सोनं एप्रिल २०२५ मध्ये लाखावर गेलं, जुन्या बिलाच्या रकमेत तीच अंगठी आता होणार नाही. लॅबग्रोन (प्रयोगशाळेत बनवलेल्या) हिऱ्याचं उलट, त्याचे भाव उतरलेत, तिथे जास्त रक्कम लावून नुसता प्रीमियम भरत बसाल, कारण कंपनी देणार तेवढीच जेवढ्यात तसा हिरा आज मिळतो.

न बसणाऱ्या गोष्टींत झीज, ओरखडे, सराफाकडे दुरुस्तीत झालेलं नुकसान, कुलूप नसलेल्या गाडीतून गेलेली वस्तू, घर सलग बरेच दिवस बंद असताना झालेली चोरी (दिवस पॉलिसीगणिक बदलतात) ही नेहमीची. यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'कशी गेली माहीत नाही' हे कारण बऱ्याच पॉलिसीत चालत नाही. रविवारी दुपारी पाण्यात असताना बोटातून निसटली, सोबत हे दोघं होते, हे सांगता येतं. महिनाभराने कपाट आवरताना दिसली नाही, हे सांगून काही होत नाही. नुसता खडा पडला तर तेही बऱ्याचदा बाहेर, म्हणून सहा महिन्यांनी अंगठीवरून जुन्या ओढणीचा काठ फिरवून बघा, धागा अडकला तर खडा धरणारी पकड उचललीये, लगेच सराफाकडे न्या.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथल्या नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला साधारण १,५०० डॉलरचीच मर्यादा असते, म्हणून अंगठी वेगळी 'शेड्यूल' करून, म्हणजे पॉलिसीत किमतीसकट नोंदवून घ्यावी लागते किंवा दागिन्यांचाच विमा करणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं, वर्षाला किमतीच्या १ ते २ टक्के धरून चला. भारतात येताना कव्हर लागू राहतं का ते आधी विचारा, तसंच इथली पॉलिसी असेल तर ती बहुतेक फक्त भारतापुरती असते.

अंगठी गेलीच तर त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल, आणि पोलीस स्टेशन. इथे एका शब्दाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. चोरी झाली असेल तर एफआयआर नोंदवून घ्या, 'गहाळ' म्हणून नोंद करून हातात कागद दिला तर चोरीच्या कव्हरमध्ये तो क्लेम अडकतो. खरंच हरवली असेल तर गहाळ हेच सांगा, खोटी चोरी सांगितली तर क्लेमही जातो आणि वर गुन्हा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, सही करायच्या आधी वर्णन, वजन, किंमत वाचून घ्या. चोराचा पत्ता लागला नाही तर पुढे कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते, महाराष्ट्रात त्याला 'अ समरी' म्हणतात, गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा त्याचा अर्थ. तो आपणहून घरी येत नाही, अर्ज करून पाठपुरावा करावा लागतो. अंगठी मोडली-वाकली असेल तर सर्व्हेयर बघून जाईपर्यंत दुरुस्तीला देऊ नका. आणि क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, गोव्याची प्रकरणं पुण्याकडे येतात, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.