मनास्लूला जाताय? मग या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास दरवर्षी एखादा तरी फोन येतो. "दादा, पुढच्या सप्टेंबरात मनास्लू करायचं ठरवलंय. एजन्सीला ॲडव्हान्स दिलाय. आता तयारी कशी करू?" पहिली चूक या वाक्यांच्या क्रमातच असते. आधी पैसे, मग तयारी. एकदा पैसे अडकले की माणूस स्वतःला खरं सांगायचं थांबवतो.

मनास्लू ८१६३ मीटर, जगातलं आठव्या क्रमांकाचं शिखर. नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात, सामागावच्या डोक्यावर उभं. बरेच लोक याला 'सोपं अष्टहजारी' म्हणतात, एव्हरेस्टच्या आधीची परीक्षा म्हणून इथे येतात. तांत्रिकदृष्ट्या ते फार कठीण नाही, हे खरंच. पण शरद मोसमातली चढाई म्हणजे पावसाळ्याच्या शेपटावरची चढाई. घरचा पाऊस मागे टाकून आलोय या समजुतीत असलेल्या माणसाला बेस कॅम्पवर पुन्हा पाऊसच भेटतो, आणि वर त्याच पावसाचं बर्फ साचत असतं. २३ सप्टेंबर २०१२ ला पहाटे कॅम्प ३ वर हिमप्रपात कोसळला, ११ जण झोपेतच गेले. २६ सप्टेंबर २०२२ ला कॅम्प ३ आणि ४ च्या मध्ये पुन्हा तेच. त्याच दिवशी शिखरावरून स्कीइंग करत उतरणारी हिलरी नेल्सन ही नावाजलेली अमेरिकन गिर्यारोहकही गेली. तेव्हा 'सोपं' हा शब्द आधी पुसून टाका.

सिंहगड वीस वेळा म्हणजे तयारी नव्हे

सॅकमध्ये वीस किलो घालून सिंहगड चढणं उत्तम. अलंग-मदन-कुलंग केलं असेल तर दोरावरची भीतीही मोडलेली असेल. पण कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. मनास्लूचा बेस कॅम्पच साधारण ४८०० मीटरवर. पाय सह्याद्रीत तयार होतात. उंचीवर आपलं शरीर कसं वागतं, हे मात्र उंचीवर गेल्याशिवाय कळत नाही. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेतला बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स, मग सहा हजारी शिखर, मग नून किंवा सतोपंथसारखं सात हजारी. हा रस्ता लांबचा वाटतो, पण त्यातच तुम्हाला कळतं की ६००० वर तुमची भूक मरते की झोप, डोकं पहिल्या दिवशी दुखतं की तिसऱ्या. ही माहिती कुठलीही एजन्सी विकत देत नाही.

क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे बर्फातले काटे, आयुष्यात पहिल्यांदा बेस कॅम्पवर बांधणारे लोक मी पाहिलेत. जाड हातमोजे घालून जुमार (दोराला पकडून वर सरकणारं साधन) दोरावर चढवणं, गाठ ओलांडताना सेफ्टी कॅराबिनर (सुरक्षेची कडी) आधी पुढे लावून मगच जुमार काढणं, हे हातांना झोपेतही यायला हवं. घरी जिन्याच्या कठड्याला दोर बांधून, तेच हातमोजे घालून, दिवा बंद करून शंभर वेळा करा. शेजारी हसतील, हसू देत.

एजन्सीला न विचारलेले प्रश्न

बहुतेक जण किंमत विचारतात आणि थांबतात. 'सगळं इन्क्ल्यूड आहे' या उत्तरावर कुणीही सही करू नये. शेर्पा फक्त माझा की दोघांत एक? त्याने आठ हजारांवर आधी काम केलंय का? ऑक्सिजनच्या बाटल्या किती, आणि शेर्पाच्या बाटल्या त्यातच मोजल्यात की वेगळ्या? कॅम्प ४ वर एका तंबूत किती जण? बेस कॅम्पवर निर्णय घेणारा माणूस कोण, आणि त्याने 'खाली ये' म्हटलं तर मला वाद घालायची मुभा आहे का? (उत्तर 'नाही' असावं.) शेर्पाचा विमा आहे का, हेही विचारा. स्वतःच्या लोकांचा विमा न काढणारी कंपनी तुमच्यासाठी काय करणार?

मनास्लूपुरता आणखी एक प्रश्न आहे, तो हमखास विसरला जातो: दोर खऱ्या माथ्यापर्यंत लागणार का? वर्षानुवर्षं बरेच चढाईपटू माथ्याच्या अलीकडच्या उंचवट्यावर थांबून परत यायचे. सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोनने काढलेल्या एका छायाचित्रात खरा माथा आणि लोक थांबतात ती जागा यांतलं अंतर स्वच्छ दिसलं. त्याच मोसमात नेपाळी गिर्यारोहक मिंगमा जी यांचा चमू बाजूने आडवं जाऊन खऱ्या माथ्यावर पोचला. २०२२ पासून हिमालयन डेटाबेस ही नेपाळमधल्या चढायांची नोंद ठेवणारी संस्था खऱ्या माथ्यापर्यंत जाणाऱ्यांचीच नोंद शिखर म्हणून करते. एवढा खर्च, एवढे कष्ट करून पंचवीस पावलं अलीकडे थांबायचं असेल तर निदान आधी माहीत असू द्या.

आपल्या मेडिक्लेमवर विसंबू नका. साहसी खेळ त्यातून बहुधा वगळलेले असतात. गिर्यारोहणाचा वेगळा विमा घ्या आणि उंचीची मर्यादा स्वतः वाचा. नेपाळमधला खोट्या हेलिकॉप्टर बचावांचा घोटाळा २०१८ मध्ये उघड झाल्यापासून विमा कंपन्या प्रत्येक कागद तपासतात. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला फोन जायला हवा, हे एजन्सीला आणि घरच्यांना दोघांनाही सांगून ठेवा.

थेट सामागावला उडणं

मच्छाखोला, जगत, देङ, नामरुङ, ल्हो अशी चालत जाणारी वाट आठवडाभर खाते. म्हणून आता हेलिकॉप्टरने काठमांडूहून सरळ सामागाव. म्हणजे साधारण १४०० मीटरवरून तासाभरात ३५०० वर. मग 'दोन दिवसांत बेस कॅम्प गाठू' असा उत्साह. डोकं ठणकतं, जेवण जात नाही, आणि माणूस ते 'प्रवासाचा शीण' म्हणून सोडून देतो.

सोपा नियम: ३००० च्या वर झोपण्याची उंची रोज ३०० ते ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. उडत आलाच असाल, तर ते दिवस सामागावात भरून काढा. वीरेंद्र तालाला जा, पुङ्ग्येन गोम्पापर्यंत (बौद्ध मठापर्यंत) चढा, संध्याकाळी खाली येऊन झोपा. त्या गोम्पाची गोष्टही ऐका. १९५३ च्या जपानी मोहिमेनंतर हिमप्रपातात गोम्पा उद्ध्वस्त झाला आणि १८ जण गेले. देव कोपला, असं गावाने मानलं, आणि १९५४ ला आलेल्या जपान्यांना गावातून पुढे जाऊच दिलं नाही. अखेर ९ मे १९५६ ला तोशियो इमानिशी आणि ग्याल्जेन नोर्बू शिखरावर पोचले. बेस कॅम्पवरच्या पूजेआधी शेर्पा वर पाऊल टाकत नाहीत. 'एक दिवस वाया गेला' म्हणून कुरकुरणाऱ्या मेंबरकडे ते कसं बघतात, हे मी पाहिलंय.

लपवाछपवी

मनास्लूला पहिल्या खेपेस मी कॅम्प ३ वरून परतलो. कारण हवामान नव्हतं, माझा खोकला होता. दोन दिवस आधीपासून होता. लीडरला सांगितलं तर खाली पाठवतील, म्हणून बफ (गळ्यातलं नळीसारखं फडकं) तोंडावर ओढून खोकायचो. शेजारच्या तंबूतल्या शेर्पा दाजूने (थोरल्या भावाला नेपाळीत दाजू म्हणतात) रात्री ऐकलं आणि सकाळी मला न विचारता रेडिओवर सांगून टाकलं. तेव्हा चिडलो होतो.

सगळा खोकला वाईट नसतो. थंड कोरड्या हवेने घसा सोलवटतो आणि कोरडा खोकला लागतो. त्यावर गरम पाण्याची वाफ, तोंडावर बफ आणि कमी बोलणं हेच उपाय. तो एवढा जोराचा होऊ शकतो की बरगडी मोडते, म्हणून हलक्यात घेऊ नका. पण बसल्या जागी धाप लागली, छातीत बुडबुडे वाजायला लागले, थुंकी फेसाळ किंवा गुलाबी झाली, ओठ निळे पडले, तर ते फुप्फुसातलं पाणी आहे. तिथे औषधाचा पहिला डोस म्हणजे उतरणं. ऑक्सिजन लावा आणि रात्र असली तरी उतरा.

मेंदूची सूज याहून फसवी. माणूस चिडचिडा होतो, बोलताना शब्द चुकतो, बूट उलटे घालतो, आणि 'मी ठीक आहे' म्हणतो. शंका आली की बर्फावर सरळ रेष ओढा आणि टाचेला बोट लावत चालायला सांगा. तोल गेला तर चर्चा संपली. डेक्सामेथासोन, म्हणजे मेंदूच्या सुजेवरचं औषध, कुणाला, किती आणि कधी, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उंचीशी जुळवून घ्यायला मदत करणारी डायमॉक्सची गोळी घेणार असाल तर घरीच एकदा घेऊन बघा. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

आणि ऑक्सिमीटरची शर्यत बंद करा. मेस टेंटमध्ये रोज सकाळी 'तुझं किती, माझं किती' चालतं. बेस कॅम्पवर सुरुवातीला ऐंशीच्या घरातला आकडा नवलाचा नाही. बोट गार असेल तर यंत्र खोटंच बोलतं. आकडा आणि माणूस यांत तफावत दिसली तर माणसाकडे बघा.

ऑक्सिजनचा हिशेब शेर्पावर टाकणं

चार लिटरची बाटली ३०० बारपर्यंत भरलेली असेल तर त्यात साधारण १२०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटरने १० तास, ४ लिटरने ५ तास. पाचवीतलं गणित आहे, पण कॅम्प ४ वर ते कुणालाच सुटत नाही. म्हणून बेस कॅम्पवर वहीत लिहून ठेवा: कुठून लावणार, कोणत्या वेगाने, बाटली कुठे बदलणार, उतरताना किती उरायला हवं. रेग्युलेटर लावून प्रत्येक बाटलीचा दाब स्वतः वाचा. अर्धवट भरलेली बाटली वर सापडण्यापेक्षा खाली सापडलेली बरी.

मास्कमध्ये हवा येत नाहीसं वाटलं तर घाबरून वेग वाढवू नका. आधी उच्छ्वासाच्या झडपेवर बर्फ गोठलंय का बघा, बोटांनी चुरडा. मग नळी कुठे मुडपली आहे का, मग जोडणी, शेवटी दाब. गॉगलवर धुकं येत असेल तर मास्कची नाकावरची बाजू सैल आहे. गॉगल काढून चढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी डोळे उघडता येत नाहीत.

लहान गोष्टी

बूट दोन मोजे घालून निवडा आणि दुकानातच भिंतीला लाथ मारून बघा. अंगठा पुढे आपटला तर उतारावर नख जाणार. काठमांडूच्या ठमेल बाजारात भाड्याने घेतलेल्या बुटांवर क्रॅम्पॉन बसतो का, हे ठमेलमध्येच तपासा. हातमोज्यांना दोरी हवीच. वाऱ्यात उडालेला हातमोजा परत येत नाही. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, बर्फ बुडाशी धरतं आणि तोंड मोकळं राहतं. हेडटॉर्चमध्ये लिथियमचे सेल घाला, जादाचे सेल अंगाजवळ ठेवा. जुमारच्या दातांत बर्फ भरलं की तो दोरावरून सटकतो. वजन टाकण्याआधी दर वेळी ओढून बघा, भरलं असेल तर ठोकून साफ करा.

सत्काराची तारीख

या चुकीबद्दल आपल्याकडे बोलत नाहीत. प्रायोजकांचे बॅनर, गावात लागलेले फ्लेक्स, पालकमंत्र्यांच्या हस्ते निरोप. काही जण सत्काराचा हॉल बुक करून निघतात. मग ७६०० मीटरवर वारा वाढतो, शेर्पा म्हणतो 'फर्किऊं' (परत फिरूया), आणि मेंबरच्या डोळ्यांसमोर फ्लेक्स येतो. २०१६ मध्ये पुण्यातल्या एका जोडप्याचा एव्हरेस्टचा दावा खोटा ठरला आणि नेपाळने त्यांच्यावर १० वर्षांची बंदी घातली. त्यांनी जे केलं त्याचं समर्थन नाही, पण तो दबाव कुठून येतो, हे आपल्याला माहीत आहे. याच पुण्यातल्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेच्या काही अष्टहजारी मोहिमा बघा. २०१२ चं एव्हरेस्ट, २०१७ चं मनास्लू, २०१९ चं कांचनजुंगा, २०२१ चं अन्नपूर्णा. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या मोहिमेत नऊ वर्षं आहेत, घाई नाही.

परत फिरण्याची वेळ बेस कॅम्पवरच ठरवा, शेर्पाला सांगा, घरीही सांगा. कॅम्प ४ साधारण ७४०० मीटरवर, तिथून माथा साडेसातशे मीटर वर. ठरलेल्या वेळी जिथे असाल तिथून मागे वळा. बरेच अपघात उतरताना होतात: पाय थकलेले, मन मोकळं झालेलं, दोर बदलताना एक क्लिप विसरलेली. फोटो काढून झाल्यावर पहिल्या गाठीपाशी थांबा, दोन घोट पाणी प्या, हार्नेसचं बकल बघा आणि मगच निघा.

खाली आल्यावर मोजे काढा आणि बोटं नीट बघा. पांढरी, मेणासारखी, सुन्न दिसली तर चोळू नका, बर्फ लावू नका, शेगडीजवळ नेऊ नका. बेस कॅम्पवर पोचून तिथेच थांबणार असाल तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात हळूहळू गरम करा. पाणी गार झालं की पुन्हा गरम ओता, पण ओतताना पाय बाहेर काढा. अजून उतरायचं बाकी असेल आणि बोटं पुन्हा गोठण्याची भीती असेल, तर ती तशीच गोठलेली ठेवून चालत या.