ट्रिप नसतानाही बोर्ड 'ट्रिप' दाखवत होता : माझा अनुभव

सोलापुरात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मागाचा ओव्हरलोड रिले (मोटरवर जादा भार आला की ती बंद करणारा) ट्रिप झाला की त्याच्या संपर्कातून 230 व्होल्ट लांबच्या पॅनेलपर्यंत येतात. तिथे ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने सिग्नल पोचवून दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) ईएसपी32 या छोट्या कंट्रोलर बोर्डाला खबर मिळते. माग व्यवस्थित चालू, तरी स्क्रीनवर 'ट्रिप'.

ऑप्टो बदलला, कोडमध्ये डिले वाढवला, फरक शून्य. रात्रपाळीच्या कामगारांचा त्या स्क्रीनवरचा विश्वासच उडाला, याचं फार वाईट वाटलं.

संपर्क उघडा असताना मल्टिमीटर त्या वायरवर 80-90 व्होल्ट दाखवायचा. साधा बल्ब जोडला की आकडा लगेच शून्यावर. म्हणजे मोटरच्या वायरींसोबत एकाच पाइपातून आल्याने चढलेलं भुताटकी व्होल्टेज, लोड लावला की गायब होणारं.

आधी एमसीबी बंद केला. मग बल्बसारखंच ते व्होल्टेज उतरवायला ऑप्टोच्या बाजूला त्या वायर आणि न्यूट्रलमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा, 275 व्होल्टचा एक्स2 कपॅसिटर लावला (एक्स2 म्हणजे थेट मेन्सवर लावायचा सुरक्षित प्रकार; साधा सिरॅमिक इथे मुळीच नको). त्यापुढे 47 के (किलोओहम), 1 वॉटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये. शिखर व्होल्टेज 325 असतं, ते दोघांत वाटलं जातं. त्यानंतर पीसी814 हा ऑप्टो, ज्यात उलटसुलट दोन एलईडी असतात. आउटपुटला 3.3 व्होल्टकडे 10 के पुल-अप, म्हणजे ईएसपीची पिन एरवी वर धरून ठेवणारा रेझिस्टर. ईएसपीच्या आतला पुल-अप साधारण 45 के असल्याने चिमूटभर करंटही पिन खाली खेचतो.

एसी शून्यातून जाताना, दर 10 मिलिसेकंदांनी, पिन क्षणभर वर जाते. म्हणून कोडमध्ये पिन सलग 50 मिलिसेकंद वर राहिली तरच 'वीज नाही', म्हणजे ट्रिप नाही, असं धरलं.

ईएसपीचा ग्राउंड न्यूट्रलला कुठेही जोडू नका.