पेट्रोल हॉट हॅच विरुद्ध इलेक्ट्रिक हॅचबॅक: पिकअप मोजायचा कसा

कागदावर पाहिलं तर या दोन गाड्यांत फरक जवळपास नाहीच. फोक्सवॅगन पोलो जीटीआय २०१६ मध्ये भारतात आली: १.८ लिटर टर्बो, १९२ पीएस (अश्वशक्ती), ० ते १०० किमी ताशी वेगाला ७.२ सेकंद. मिनी कूपर एसई २०२२ मध्ये आली: १८४ पीएस, ७.३ सेकंद. दोन्ही तीन दारांच्या, दोन्हींत ताकद पुढच्या चाकांना. तरी पहिली हॉट हॅच, म्हणजे छोट्या हॅचबॅकची जास्त ताकदीची आवृत्ती, दुसरी इलेक्ट्रिक; एकीतून उतरून दुसरीत बसलं की दोन वेगळ्या जातीच्या गाड्या चालवल्यासारखं वाटतं. हा भास नाही. ०-१०० चा एकच आकडा तो फरक झाकून टाकतो, म्हणून वेग तुकड्यांत मोजायचा आणि घड्याळ कधी सुरू होतं याकडे लक्ष द्यायचं.

मिनीचा कंपनीने दिलेला ०-६० चा वेळ ३.९ सेकंद आहे. म्हणजे पुढच्या ४० साठी तिला ३.४ सेकंद लागतात. मोटर २७० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) शून्यापासून देते. ठरावीक वेगानंतर मात्र ताकद तेवढीच राहते आणि वेग वाढेल तसा चाकावरचा जोर उतरत जातो. पोलोला सुटताना क्लच घसरवत जावं लागतं, टर्बोचा दाब तयार व्हावा लागतो, पण एकदा सूर लागला की गिअर तिला वरपर्यंत ताकदीच्या पट्ट्यात ठेवतात. (जाता जाता: हेच इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर परदेशात ३२० न्यूटन मीटर द्यायचं. आपल्याकडे आलेल्या सात गिअरच्या डीएसजीचे (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरडे क्लच २५० च्या आसपासच झेपवतात, म्हणून टॉर्क तिथेच बांधला.)

जागा आधी. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी किंवा शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहाटेचा रिकामा हायवेही सार्वजनिकच. परवानगीची बंद धावपट्टी किंवा ट्रॅक हवा. पिथमपूरचा नॅट्रॅक्स हा वाहन-चाचणीचा ट्रॅक आहे, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनसारख्या ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. १०० गाठायला या गाड्यांना साधारण ११० मीटर लागतात, पण ८० ते १२० किमी वेगाची (८०-१२०) फेरी, थांबणं आणि चुकीला जागा धरून सरळ ८०० मीटर तरी असावेत.

मोजायला फोनचं साधं अ‍ॅप चालत नाही. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच जागा घेतात, आणि सात सेकंदांच्या खेळात एक सेकंदाची फट म्हणजे सगळंच गेलं. सेकंदाला किमान १० वेळा नोंद घेणारा जीपीएस बॉक्स घ्या, शक्यतो २० किंवा २५ वाला. तो डॅशबोर्डवर काचेजवळ ठेवा. उष्णता अडवणारा धातूचा थर असलेल्या काचेमागे सिग्नल मंदावतो; तसं झालं तर अँटेना छतावर लावा. स्पीडोमीटरवर विसंबू नका, तो वेग थोडा जास्तच दाखवतो.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘रोलआउट’ बघा. ड्रॅग स्पर्धेच्या पद्धतीप्रमाणे गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू होतं. ०.४ जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या ०.४ पटीने) सुटणारी गाडी हा फूट कापायला जवळपास ०.४ सेकंद घेते, म्हणजे एवढा वेळ फुकटात कमी दिसतो. एका गाडीला रोलआउट चालू आणि दुसरीला बंद असेल तर ती तुलना रद्द समजा. दोन्हींना बंद ठेवा.

तयारी दोन्हींची सारखी हवी. टायर थंड असताना गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. चालक एकच, डिकी रिकामी, एसी बंद. सोबत ७५ किलोचा माणूस बसला तर ०.३ ते ०.४ सेकंद जातात, तेव्हा एकीत माणूस आणि दुसरीत नाही असं करू नका. पोलोत टाकीच्या झाकणामागे लिहिलेल्या ऑक्टेनचं पेट्रोल भरा; कमी ऑक्टेनवर नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला इंजिन ठिणगी उशिरा टाकतं आणि ताकद निसटते. इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल गरम व्हायला १५ मिनिटं आधी चालवा. मिनीची बॅटरी ८० ते ९० टक्क्यांवर असावी आणि गाडी थोडी चाललेली असावी. गार बॅटरी पूर्ण ताकद सोडत नाही.

उभ्यावरून सुटताना:

१. पोलो: डीएसजी ‘एस’ (स्पोर्ट) मध्ये. लाँच कंट्रोल (जोरात सुटण्याची खास सोय) असेल तर मॅन्युअलमधली कृती जशीच्या तशी करा. डाव्या पायाने ब्रेक घट्ट, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत, आरपीएम स्थिरावला की लगेच ब्रेक सोडा. ब्रेकवर लटकत राहिलात तर कोरडा क्लच तापतो.

२. मिनी: स्पोर्ट मोड, ब्रेक सोडा, पेडल एकदम दाबा. दोन्ही पेडल एकत्र दाबू नका, प्रणाली ताकद कापते. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी प्रणाली) चालूच ठेवा. मोटरच्या नियंत्रणातच बसवलेलं असल्याने चाक घसरायच्या आत ते जोर कमी करतं.

३. प्रत्येक गाडीच्या सहा फेऱ्या, तीन जाताना, तीन येताना. एक टक्का उतारानेही सुमारे ०.१८ सेकंदांचा फरक पडतो आणि चढावर तो उलट बाजूला जातो, म्हणून दोन्ही दिशांची सरासरी.

पोलोच्या तीन लाँचनंतर दहा मिनिटं सुट्टी द्या. जळका वास आला तर चाचणी थांबवा. सुट्टीत गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवू नका, इंटरकूलरला वारा मिळत नाही. हळू फिरवत राहा. ओबीडी प्लगवर (गाडीची माहिती वाचायचं सॉकेट) इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. पहिल्या फेरीपेक्षा ते १५ अंशांनी वर असेल तर त्या फेरीचा वेळ मोजू नका.

चालत्या गाडीचा पिकअप मोजताना बहुतेकांची चूक होते. ८०-१२० ची फेरी बॉक्स ८० ओलांडल्यावर सुरू करतो. चालकाने ७५ ला पेडल दाबलेलं असतं, डीएसजीने गिअर खाली उतरवून टर्बोचा दाब भरून झालेला असतो. म्हणजे ओव्हरटेकला जो वेळ खरा लागतो तोच गाळला गेला. उपाय सोपा: एक कॅमेरा पायावर, एक बॉक्सच्या पडद्यावर, दोन्ही ६० फ्रेमवर. सुरुवातीला टाळी वाजवून दोन्ही चित्रफिती जुळवा. गाडी ‘डी’ (नेहमीच्या मोड) मध्ये ८० वर किमान पाच सेकंद स्थिर ठेवा, मग पेडल तळापर्यंत. पाय हलल्यापासून १२० पर्यंतच्या फ्रेम मोजून ६० ने भागा. एक फ्रेम म्हणजे ०.०१७ सेकंद, एवढी अचूकता पुरे. मग बॉक्सचा वेळ त्यातून वजा करा. जे उरतं ते गाडीचं आळसावणं. पोलोत हीच फेरी ‘एस’ मध्येही घ्या, कारण गिअर आधीच खाली असतो आणि आकडा बराच बदलतो. मिनीत गिअर बदलायचेच नसल्याने हा उरलेला भाग नगण्य निघायला हवा. मोठा निघाला तर आधी मोड ग्रीन (ऊर्जा वाचवणारा) आहे का बघा.

मिनीची तीच फेरी ८०, ५० आणि २० टक्के चार्जवर वेगवेगळी नोंदवा, तिन्हींची सरासरी काढू नका. १४० च्या पुढे या दोघींची तुलनाच नको. मिनीला १५० वर लिमिटर (वेग रोखणारी मर्यादा) आहे, आणि त्या जवळ पोहोचल्यावर मोजला जातो तो लिमिटर.