बीव्हीएस्सीचा अर्ज भरताय? आधी आजोबांचा दाखला काढा

दरवर्षी निकालानंतर बीव्हीएस्सीला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीला, जाऊ पाहणारा कुणी ना कुणी माझ्याकडे येतो आणि एकच प्रश्न विचारतो: "एवढ्या मार्कांत व्हेटर्नरीला नंबर लागेल का?" मी उलट विचारतो, "व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, आहे का?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. कटऑफचे अंदाज सांगणारे व्हिडिओ पाहण्यात मुलांचे दोन महिने जातात, आणि ऐन वेळी प्रवेश अडतो एका कागदाशी.

पात्रतेचे एका दमात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. खुल्या प्रवर्गाला या चार विषयांत मिळून ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. इंग्रजी मोजले जाते, हे विसरू नका. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण हवीत. 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचे एक वर्ष इंटर्नशिप.

आता अर्ज कुठे करायचा. एमबीबीएस, बीएएमएससाठी राज्याच्या सीईटी सेलकडे (प्रवेश परीक्षा कक्षाकडे) नोंदणी केली की व्हेटर्नरीचेही त्यातच येते, असे छातीठोकपणे सांगणारे भेटतील. येत नाही. राज्याच्या ८५ टक्के जागा नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, स्वतः भरते आणि त्याचा अर्ज वेगळा असतो. उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, तिची नोंदणी आणखी वेगळी. दोन्हीकडे अर्ज करा. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, कॅफेवाल्याचा नको. प्रवेश फेरीचा निरोप त्याच्या फोनवर येतो आणि तो त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो.

आता मुख्य भानगड: जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि त्याची पडताळणी वेगळी, हे घरच्यांना पटवण्यातच अर्धा दिवस जातो. माझे स्वतःचे एक वर्ष याच कागदापायी गेले. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर (शाळा सोडल्याच्या नोंदीवर) नाव होते 'रामा', वडिलांच्या सगळ्या कागदांवर 'रामचंद्र'. दोन्ही माणसे एकच, हे आम्हाला माहीत. जात पडताळणी समितीला कसे कळणार? प्रस्तावात त्रुटी निघाली, प्रतिज्ञापत्र करून देईपर्यंत फेऱ्या संपल्या. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा दिली. त्या वर्षी गुण थोडे कमीच पडले होते, तरी जागा मिळाली, कारण फाइल पूर्ण होती.

म्हणून माझे ठाम मत: पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच टाका. विज्ञान शाखेच्या मुलांना त्यासाठी कॉलेजचे पत्र मिळते. ऑनलाइन अर्ज भरून झाला की फाइल समितीकडे प्रत्यक्ष द्यावी लागते. नुसते 'सबमिट' दाबून घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते, तेवढे आधी पाहून घ्या.

फाइलचा कणा म्हणजे जुना पुरावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची जातीची नोंद शोधायची. ती वडिलांच्या दाखल्यावर सहसा सापडत नाही, आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात सापडते. ती शाळा आता दुसऱ्या गावात असेल किंवा रजिस्टर वाळवीने खाल्ले असेल, तर चुलत आजोबांचा उतारा काढा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे वैधता असेल, तर काम बरेच सोपे होते. भाऊबंदकीत बोलणे बंद असले तरी त्यांच्या दारात जा आणि प्रत मागा. मग वंशावळ लिहायला घ्या आणि प्रत्येक नावाची अक्षरे प्रत्येक कागदाशी ताडून पाहा. काना, मात्रा, आडनाव, सगळे. फरक दिसला की समितीने विचारायची वाट न पाहता प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. 'चालून जाईल' म्हणणाऱ्याचे ऐकू नका, मीही ऐकले होते.

ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखलाही लागतो. त्यावर छापलेली मुदत वाचा, कारण मार्चअखेर संपलेला दाखला जूनमध्ये घेऊन येणारे कमी नाहीत. १५ टक्क्यांच्या कोट्यात ओबीसी म्हणून अर्ज करायचा, तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघावे लागते. खुल्या प्रवर्गातल्या मुलांनी डोमिसाईल (राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला) काढले की त्यांचे ओझे बरेच हलके होते.

पसंतीक्रम भरायला दहा मिनिटे लागतात. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर वगैरे कॉलेजांतल्या जिथे खरेच राहाल तीच नावे घाला. मुंबईचे कॉलेज १८८६ सालचे, म्हणून ते आपोआप पहिले, असे काही नाही. गाई-म्हशींत काम करायचे असेल, तर आजूबाजूला गोठे कुठे जास्त आहेत ते बघा.

शेवटी टीसी. जागा हातची जाऊ नये म्हणून अनेक जण आधी बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवतात, ते बरोबरच आहे. पण मूळ टीसी तिथे अडकते आणि फेरीत नाव लागले की रुजू व्हायला मोजके दिवस मिळतात. बीएस्सीची फी भरायच्या आधीच खिडकीवर विचारून घ्या: प्रवेश रद्द केला तर मूळ कागद कोणत्या दिवशी हातात देता?