ऑनलाइन क्लास लावलाय? मग त्याचा पुरेपूर फायदा असा करून घ्या

ऑनलाइन क्लास लावायचा की नाही हे दर जूनमध्ये आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यातले पालक मला विचारतात, कारण मी दहावी-बारावीचं गणित शिकवते, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, लावा. जायचा-यायचा वेळ वाचतो आणि शिकवलेलं परत बघता येतं, हे दोन फायदे एवढे मोठे आहेत की बाकीचं नंतर. फक्त ते आपोआप मिळत नाहीत, त्यासाठी थोडी शिस्त लावावी लागते.

आधी वेळेचं बघा. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणारं मूल नौपाड्यात क्लासला जात असेल तर कापूरबावडी, माजिवडा करत जायचा-यायचा दीड-दोन तास सहज जातात, आणि ऐरोली-घणसोलीवरून ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला येणाऱ्यांना संध्याकाळी नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरची गर्दी माहितीच आहे. घरी पोचेपर्यंत पोर इतकं दमलेलं असतं की वही उघडायची ताकद राहत नाही. हा वेळ ऑनलाइनमध्ये वाचतो खरा, पण तो कुठे लावायचा हे पहिल्याच आठवड्यात ठरवा नाहीतर तो रील्समध्ये जाणार हे नक्की. क्लास संपल्या संपल्या अर्धा तास मोबाइल आईकडे, आणि आज शिकवलेली गणितं वहीत स्वतः सोडवायची. उरलेला वेळ खाली खेळायला जाऊ द्या, झोपू द्या, त्यात पण फायदाच आहे.

आता रेकॉर्डिंग. बहुतेक मुलं म्हणतात नंतर बघतो, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ढीगभर लेक्चर्स साठलेली असतात. म्हणून लाइव्ह असेल तर लाइव्हच बसायचं, वही-पेन हातात घेऊन, आणि जिथे कळलं नाही तिथली वेळ वहीच्या समासात लिहून ठेवायची, म्हणजे १८:४०, ३२:१० असं. रात्री फक्त तेवढेच तुकडे उघडायचे, पूर्ण लेक्चर परत बघत बसायची गरज नसते. दुसरं म्हणजे रेकॉर्डिंग बघताना पॉझ बटण वापरा. सरांनी फळ्यावर वर्गसमीकरण लिहिलं की थांबवा, आधी स्वतः सोडवा, अडकलात तरी चालेल, मग सरांचं बघा. नुसतं बघताना सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरमध्ये हात चालत नाही, हे मी दरवर्षी बघते. दीडपट स्पीड फक्त उजळणीला ठेवा, नवीन सिद्धता शिकताना साध्या स्पीडलाच बघा. क्लासमध्ये पन्नास मुलांसमोर सरांना असं थांबवता येत नाही, इथे हवं तितक्या वेळा येतं, म्हणून मला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

लाजाळू मुलांसाठी तर ऑनलाइन फारच चांगलं. वर्गात हात वर न करणारी मुलगी चॅटमध्ये बिनधास्त विचारते. पण 'सर समजलं नाही' एवढंच लिहिलं तर सर तरी काय सांगणार, म्हणून आपण सोडवलेल्या पानाचा फोटो काढा, अडकलेल्या ओळीला गोल करा आणि तो पाठवा.

जागेचं म्हणाल तर वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार, भिंतीकडे तोंड करून एक टेबल आणि हेडफोन एवढं पुरतं, पण बेडवर लोळून नको. मोबाइल स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा, आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद खिडकीतून लांब, निदान २० फुटांवर बघायची सवय लावा. पावसाळ्यात लाइट गेली की वायफायही जातं, तेव्हा मोबाइल डेटा थोडा राखून ठेवा आणि व्हिडिओ ४८० वर ठेवा, फळा नीट दिसतो आणि डेटा कमी जातो. घरात फारच गोंगाट असेल तर जवळच्या अभ्यासिकेत हेडफोन घेऊन बसा.

पैसे भरायच्या आधी फुकट काय मिळतं ते बघा, खरंच बघा. ई-बालभारतीवर राज्य बोर्डाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, आणि पुस्तकातला क्यूआर कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा ॲपवर स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. कॉलेजच्या मुलांसाठी स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल आहे, तेही २०१७ चंच, आणि त्यावरच आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलचे कोर्सेस. शिकणं पूर्ण फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, त्यात २५ टक्के वजन असाइनमेंटला आणि ७५ टक्के परीक्षेला. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून घेऊन क्रेडिट मिळू शकतं, पण आपलं कॉलेज ते धरतं का हे नाव नोंदवायच्या आधी ऑफिसमध्ये विचारा.

पैसे देऊन लावणार असाल तर डेमोमध्ये शिक्षकांचं बोलणं किती छान आहे यापेक्षा मुलांच्या प्रश्नांना उत्तर मिळतंय का ते बघा. रेकॉर्डिंग कधीपर्यंत दिसणार आणि मध्येच सोडलं तर पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्या. 'हप्त्यात भरा' म्हणजे कधीकधी तुमच्या नावावर चक्क कर्ज असतं, त्यामुळे सही करायच्या आधी कागद वाचा आणि ऑटो डेबिट चालू करू नका, डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानेही पालकांना याबद्दल सावध केलं होतं.

सगळंच ऑनलाइन करू नका मात्र. प्रॅक्टिकल लॅबमध्येच होतं, आणि पहिली-दुसरीच्या पोरांना स्क्रीनसमोर तासन् तास बसवू नका. बोर्डाचा पेपर हाताने लिहायचा असतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा जुना पेपर घड्याळ लावून कागदावर सोडवायलाच हवा.

आणि आई-बाबांनो, क्लास चालू असताना दर पाच मिनिटांनी स्क्रीनमध्ये डोकावू नका, मुलं वैतागतात. त्यापेक्षा रविवारी वही मागा. समासात वेळा लिहिल्यात का, गणितं स्वतः सोडवलीत का, खाडाखोड दिसते का. काहीच लिहिलेलं नसेल तर पुढच्या आठवड्यात पहिले दोन दिवस आपलं काम घेऊन शेजारी बसा आणि क्लास संपला की तो अर्धा तास तुमच्यासमोरच होऊ द्या.