टॉप कोट बिघडला? बाटली फेकण्याआधी अंगठा बघा

टॉप कोट म्हणजे नखांवरचा जेलचा शेवटचा, चमक देणारा थर. तो यूव्ही किंवा एलईडी लॅम्पखाली घट्ट करून वाइप केल्यावर, म्हणजे अल्कोहोलने पुसल्यावर, चमक गेली की बहुतेक जणी त्यावर आणखी एक टॉप कोट चढवतात. तेवढं मात्र करू नका. खालचा थर कच्चा असेल तर वरून कितीही मुलामा द्या, काही दिवसांत तो सालासारखा निघतो. मी ठाण्यात नौपाड्यात नखांची कामं करते, दुसरीकडून बिघडून आलेली नखंही दुरुस्त करते. त्यात टॉप कोटची बाटलीच खराब निघाली, असं फार क्वचित पाहिलंय.

आधी सोप्या तक्रारी उरकू.

सुरकुत्या आल्या तर थर जाड झालाय. वरचा भाग आधी आवळतो, आत ओलं राहतं. फाइलने काढा आणि ब्रशवर अर्धाच माल घेऊन पुन्हा लावा.

टॉप कोट टोकापासून मागे सरकत असेल तर नखाची कड ब्रशने बंद करा आणि चार बोटं लावून झाली की लगेच हात लॅम्पमध्ये. मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात जेल पातळ होतं. गप्पा मारत बसलात तर ते कडेच्या कातडीवर उतरणारच.

अॅक्रेलिकवरून, म्हणजे पावडर आणि द्रवाने बनवलेल्या कृत्रिम नखावरून, पापुद्रा सुटतोय? बफिंगमध्ये कुठेतरी चकचकीत जागा राहिली, नाहीतर धूळ नुसती झाडली, पुसली नाही. १८० ग्रिटच्या (खरखरीतपणाच्या) फाइलने आकार, मग बारीक बफर, मग अल्कोहोल. त्यानंतर ‘गुळगुळीत झालं का’ म्हणून बोट फिरवून बघू नका, बोटाचं तेल लागतं. खाली जेलचा रंग असेल तर त्याचा चिकट थर पुसायचा नाही, टॉप कोट त्यालाच धरतो.

आता खरी डोकेदुखी: चमक जाणं आणि नख चिकट राहणं.

जेल लॅम्पखाली घट्ट होत असताना हवेतला ऑक्सिजन अगदी वरच्या थराला घट्ट होऊ देत नाही. हा चिकटपणा म्हणजे बिघाड नव्हे. साध्या टॉप कोटवर तो पुसूनच काढायचा असतो. नो-वाइप टॉप कोट बनवतानाच त्याची सोय केलेली असते. पण पुसूनही चिकट लागतंय किंवा पुसताच नख धुरकट झालंय, तर एक तर जेल कच्चं आहे, नाहीतर पुसण्यात चूक आहे. थर नको इतका पातळ असेल तरी हेच होतं. पुसताना चिकट भाग जातो आणि चमकायला खाली काही उरतच नाही.

मी यात कित्येक महिने अडकले होते. चार बाटल्या बदलल्या. सामान देणारा दर वेळी आणखी महाग बाटली पुढे करायचा, “ताई, हा वापरून बघा, परत तक्रार येणार नाही.” तक्रार यायचीच.

उत्तर मिळालं एका हळदीत. नवरीची नखं आदल्या दिवशी केली होती, दुधी गुलाबी रंग. हळदीनंतर तिचा फोटो आला: आठ नखांना जेमतेम पिवळी झाक आणि दोन्ही अंगठे झेंडूसारखे. बाटली एकच, ब्रश एकच, हळदही एकच. मग अंगठ्यांचंच काय बिनसलं? मी माझाच हात लॅम्पमध्ये घातला आणि वाकून आत बघितलं. पालथ्या हाताची चार नखं वर तोंड करून असतात, अंगठा मात्र कुशीवर झोपतो. त्याच्या नखावर प्रकाश तिरका पडत होता, एक कड तर सावलीतच होती. कच्च्या जेलमध्ये हळद मुरली होती.

तेव्हापासून नियम केलाय. एका हाताची चार बोटं, दुसऱ्या हाताची चार बोटं आणि शेवटी दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, नखं सरळ वर करून. पाच बोटं एका वेळी आत घालू नका, लॅम्पच्या खोक्यावर पाच बोटांचं चित्र असलं तरी. यात दोन मिनिटं जास्त जातात, पण तीच नखं फुकट दुरुस्त करण्यात अर्धा तास जातो.

अंगठे सरळ ठेवूनही चिकटपणा राहिला तर लॅम्प तपासा. जुन्या टिपा, म्हणजे प्लॅस्टिकची कृत्रिम नखं, घ्या, त्यांवर नेहमीइतकाच टॉप कोट लावा आणि एक लॅम्पच्या मधोमध, एक तोंडाशी, एक बाजूला ठेवा. नेहमीची वेळ द्या, थंड होऊ द्या, पुसा आणि ऑरेंज स्टिकने, म्हणजे नखांच्या कामाच्या लाकडी काडीने, ओरखडून बघा. जिथली टीप मऊ किंवा धुरकट, तिथे प्रकाश पुरत नाही. दिवे बघायला आत डोळे लावू नका, मोबाइलचा कॅमेरा धरा. मेलेला दिवा लगेच दिसतो.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावर भाळू नका. लॅम्प किती वीज खातो ते त्यातून कळतं. जेलला लागणारा प्रकाश किती पोचतो ते कळत नाही. जुन्या ३६ वॅटच्या यूव्ही लॅम्पमधल्या ९ वॅटच्या चार ट्यूब तर निळ्या दिसत राहतात आणि आतून कधीच थकलेल्या असतात. बऱ्याच एलईडी लॅम्पवरचं ९९ सेकंदांचं बटण चटका कमी बसावा म्हणून असतं; त्यात प्रकाश मंद सुरू होऊन हळूहळू वाढतो. ते दाबलं, चटका बसला नाही म्हणून चाळिसाव्या सेकंदाला हात काढला, तर जेल कच्चं राहिलंच म्हणून समजा. आणि नव्या बाटलीला जुन्या बाटलीची वेळ लावू नका. प्रकाश पकडून जेल घट्ट करणारं टीपीओ हे द्रव्य युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलंय. टीपीओविना बनलेल्या टॉप कोटची वेळ वेगळी असू शकते, म्हणून लेबल वाचा.

लॅम्प ठीक निघाला तर उरलं पुसणं. लॅम्पमधून हात काढल्या काढल्या पुसू नका. नख गरम असतं, वरचा थर अजून मऊ असतो, त्या क्षणी घासलं की चमक मरते. मिनिटभर थांबा. वाइप, म्हणजे पुसायचा तुकडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने चांगला ओला हवा आणि दर नखाला त्याची कोरी बाजू हवी, नाहीतर पहिल्या नखाचा चिकटा दहाव्यावर जाऊन बसतो. कापूस नको, तंतू चिकटतात. नेलपेंट रिमूव्हर तर अजिबात नको. त्यातलं अॅसिटोन चमकच खातं, आणि सुरुवातीला मी तेच वापरायचे, हेही सांगून टाकते.

कच्चं जेल कातडीला लागू देऊ नका. लागलं तर लॅम्पच्या आधी ऑरेंज स्टिकने काढा. त्यातल्या अॅक्रिलेट द्रव्यांची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर पुरते. बोटांच्या टोकांना खाज, पुरळ, भेगा दिसल्या की काम थांबवून गिऱ्हाइकाला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. “थोडं चिकट आहे, घरी जाऊन सुकेल” असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, ते सुकत नाही.

बाटली खिडकीत ठेवू नका, उन्हानेही जेल घट्ट होतं. पश्चिमेच्या खिडकीशी बसून मी एक ब्रश असाच लाकूड करून टाकलाय.

राहिली हळद. नवरीला मी स्पष्ट सांगते, नखं हळदीनंतर करू. वेळ नसेल तर हळद उतरवल्यावर नखं लगेच अल्कोहोलने पुसायला लावते. तरी पिवळं राहिलंच तर त्यावर टॉप कोट मारत नाही. बारीक बफरने पिवळा थर उतरवते, पुसते आणि मग पातळ टॉप कोट देते, अंगठे शेवटी. लग्नाला आठवडा असेल तर आधी थोडं ऊन खाऊ द्या. हळदीचा रंग उन्हात उडतो, कधी कधी बफर लागतही नाही.